बांगडी : लेणें, ओळख आणि मिळकत

आमचें नाशिक शहर गोदावरीच्या दोन्ही तीरांवर वसलेलें आहे. डाव्या तीरावर पंचवटी, उजव्या तीरावर जुनें नाशिक. रामकुंडाकडून काळारामाच्या मंदिराकडे चालूं लागलें म्हणजे पूजेचें साहित्य, तांब्यापितळेचीं भांडीं व माळा यांच्या दुकानांतून मधून मधून कांचेच्या बांगड्यांचींही दुकानें लागतात. यात्रेस आलेली बाई कितीही गरीब असो, परत जातांना लेकीसुनांसाठीं हिरव्या बांगड्या घेतल्यावांचून ती सहसा जात नाहीं. नदी ओलांडून पलीकडे गेलें कीं सराफ बाजार. तेथेंही बांगडी हाच शब्द कानीं पडतो, परंतु तेथें तिची किंमत तोळ्यांवर ठरते. पडतांच फुटणारी कांच आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकणारें सोनें या दोहोंस आपण एकाच नांवानें हांक मारतों, यांत कांहींतरी अर्थ असला पाहिजे. तो अर्थ शोधण्याचा प्रयत्न आम्हीं या लेखांत योजिला आहे.

अलंकार हे केवळ शोभेसाठीं असतात, असें आपणांस वाटतें. शोभा हा त्यांचा एक गुण खरा; पण त्याखेरीज प्रत्येक अलंकार आणखी तीन गोष्टी सांगत असतो. घालणारी व्यक्ति कोण, ही पहिली. तिच्या पदरीं मिळकत किती, ही दुसरी. आणि तो अलंकार तिनें आपल्या इच्छेनें घातला कीं दुसऱ्या कोणाच्या इच्छेनें, ही तिसरी. पहिल्या दोन गोष्टी डोळ्यांना दिसतात, तिसरी दिसत नाहीं. आणि आमच्या मतें तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

अलंकार ही ओळखीची खूण असते, हें सांगणारी प्रसिद्ध कथा तर आमच्या पंचवटींतच सुरू होते. सीतेस रावण घेऊन जात असतां एका पर्वतशिखरावर बसलेले पांच वानर तिला दिसले. तिनें आपले दागिने उत्तरीयांत बांधून त्यांच्यामध्यें टाकून दिले. पुढें सुग्रीवानें ते रामापुढें ठेविले. वाल्मीकि रामायणाच्या प्रचलित पाठांत असें आहे कीं, लक्ष्मणास त्यांतील केयूर म्हणजे बाजूबंद ओळखतां आले नाहींत, कुंडलेंही ओळखतां आलीं नाहींत. नूपुर म्हणजे पैंजण मात्र त्यानें तत्काळ ओळखले, कारण नित्य वंदन करतांना त्याची दृष्टि वहिनीच्या पायांवरच असे. पुढें रामाची अंगठी लंकेंत पोंचली आणि सीतेचा चूडामणि रामाकडे आला. पत्रें व छायाचित्रें नव्हतीं, त्या काळीं निरोप खरा कीं खोटा हें दागिन्यावरून ठरत असे.

या कथेंतील दागिन्यांत नथ नाहीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. नाशिक या नांवाचा संबंध लोक शूर्पणखेच्या नाकाशीं जोडतात. पण नाकांतील अलंकाराचा इतिहास तितका जुना नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनीं नथेच्या प्राचीनतेचा शोध घेतला, तेव्हां त्यांना इसवी सन १००० च्या सुमारापूर्वींच्या वाङ्मयांत व शिल्पांत नाकांतील दागिन्याचा पुरावा मिळाला नाहीं. म्हणजे सीतेच्या चित्रांत दिसणारी मोत्यांची नथ ही चित्रकारांनीं आपल्या काळांतील स्त्रिया पाहून काढलेली आहे. जें आपणांस अनादि वाटतें तें पुष्कळदां केवळ आजीच्या आजीइतकेंच जुनें असतें. हा धडा पुढेंही उपयोगी पडेल, म्हणून येथें सांगून ठेविला.

नथेच्या मानानें हातांतील कडें फारच पुरातन. मोहेंजोदारो येथें १९२६ सालीं कांशाची एक चिमुकली पुतळी सांपडली. ती चार हजार वर्षांहून अधिक जुनी असून तिची उंची अवघी साडेदहा सेंटिमीटर आहे. तिचा डावा हात दंडापासून मनगटापर्यंत कड्यांनीं भरून गेला आहे. उजव्या हातांत मात्र चारच कडीं आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत ती ठेविलेली आहे. आपल्या महाराष्ट्रांत कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर स्त्रीपुरुषांच्या ज्या जोड्या कोरल्या आहेत, त्यांतील स्त्रियांच्या हातांत जड कडीं आणि पायांत जाड वाळे आहेत. आमच्या विद्यार्थ्यांनीं सहलीस गेल्यावर तेथील मूर्तींचे हातपाय अवश्य निरखावे.

आतां आपल्या घरांतील हाताकडे वळूं. मराठी स्त्रीच्या मनगटावरील प्रत्येक लेण्याला स्वतंत्र नांव आहे. सर्वांच्या मागें, कोपराच्या बाजूस, जी बसते ती पिछोडी. भरीव, गोल व बहुधा साधा तो गोठ. रुंद व चपटी ती पाटली; ही नेहमीं जोडीनें असते. वजनदार, नक्षीदार व मळसूत्रानें उघडमीट होणारा तो तोडा. नाजूक कोरीव काम केलेले ते बिलवर. दंडावर वाकी व बाजूबंद. तान्ह्या मुलाच्या हातांत बिंदल्या किंवा दृष्टमण्यांच्या मनगट्या, पायांत वाळे. संक्रांतीस नव्या सुनेच्या व लहान मुलांच्या अंगावर हलव्याचे दागिने चढतात. ते सण झाला कीं पोटांत जातात. साखरेच्या दागिन्यालाही सोन्याइतकाच मान देणारे लोक हे केवळ किंमत पाहणारे नव्हेत, हें यावरून दिसेल.

या सर्वांच्या मध्यें हिरवी कांचेची बांगडी असते. गृहिणीच्या हातांत सोनें असो वा नसो, ती असावी असा आपल्याकडील संकेत आहे. लग्नांत हिरवा चुडा भरतात, डोहाळजेवणास हिरव्या बांगड्या भरतात. येथें भाषेचा एक विशेष पाहावा. अंगठी आपण घालतों, हार घालतों, पण बांगडी भरतों. कारण पूर्वीं ती स्वतःची स्वतः क्वचितच घालीत. कासार किंवा मणेर हात हातांत घेई, बोटांचीं पेरें अलगद दाबी, आणि जी बांगडी हातांत जाईल असें कोणास वाटलेंही नसतें ती तो न फुटूं देतां मनगटावर उतरवी. बांगड्या भरून झाल्यावर त्या कासारास नमस्कार करण्याची रीत अनेक घरांत होती. हातांतील कौशल्याचा तो मान होता.

बांगडीच्या मापांत गणिताचाही एक धडा दडलेला आहे. दुकानदार "दोन चार", "दोन सहा", "दोन आठ" असें माप सांगतो. आमचे विद्यार्थी त्यास दशांश अपूर्णांक समजतात. तसें नाहीं. येथें इंचाचे सोळा भाग धरलेले असतात. जुन्या रुपयाचे सोळा आणे असत तसेच. म्हणून दोन चार म्हणजे आंतला व्यास सव्वादोन इंच, दोन आठ म्हणजे अडीच इंच, आणि दोन सहा म्हणजे त्या दोहोंच्या बरोबर मध्यें. नाणीं दशमान झालीं, तोळ्याच्या जागीं ग्राम आला, तरी बांगडीचें माप अजून सोळाच्या हिशेबानेंच चालतें.

कांचेच्या बांगड्यांचें मोठें माहेरघर म्हणजे उत्तर प्रदेशांतील फिरोजाबाद. तेथें भट्टींत वितळलेल्या कांचेचा तंतु फिरत्या दांड्यावर गुंडाळतात. त्याची स्प्रिंगेसारखी लांब गुंडाळी होते. ती एका बाजूनें कापली म्हणजे शेंकडों उघडीं कडीं सुटतात. मग प्रत्येक कड्याचीं टोकें ज्योतीवर धरून एकेक करून सांधावीं लागतात, आणि त्यानंतर रंग व नक्षी चढते. तुमच्या हातांतील एका बांगडीस अशा अनेक माणसांचे हात लागलेले असतात. या धंद्यांत पूर्वीं लहान मुलेंही राबत. १९८६ च्या बालकामगार कायद्यानें कांचेच्या व बांगड्यांच्या कारखान्यांतील काम चौदा वर्षांखालील मुलांस वर्ज्य केलें, आणि २०१६ च्या दुरुस्तीनें ही बंदी बहुतेक सर्वच कामांस लागू झाली. बांगड्या भरतांना इतकें स्मरण असावें कीं, तुमच्याच वयाचीं मुलें कधीं त्या ज्योतीसमोर बसत असत.

हातावरून गळ्याकडे जाऊं. ठुशी, चिंचपेटी, वज्रटीक, तन्मणी, बोरमाळ, मोहनमाळ, बकुळीहार अशीं नांवें घ्यावीं तितकीं थोडीं. त्यांतील पुष्कळ नांवें बोर, बकुळ, जव अशा झाडांवरून व धान्यांवरून आलेलीं आहेत. शेतकऱ्याच्या घरीं सोनें आलें तेव्हां त्यानें त्यास आपल्या शिवारांतील आकार दिला. कोल्हापुरी साजांत एकवीस पानें असतात. त्यांत दहा अवतार, आठ शुभचिन्हें, माणिक व पाचू यांचीं दोन पानें आणि शेवटचा तावीज, असा हिशेब सांगतात. म्हणजे साज हें गळ्यांत घालावयाचें एक लहानसें पुस्तकच होय.

पुतळ्यांच्या माळेची गोष्ट तर भूगोलाच्या तासास सांगण्यासारखी आहे. इटलींतील व्हेनिसच्या प्रजासत्ताकानें १२८४ पासून सोन्याचें एक नाणें पाडण्यास आरंभ केला. त्याचें वजन सुमारें साडेतीन ग्राम, आणि सोनें अत्यंत शुद्ध. व्यापाराच्या वाटेनें तें हिंदुस्थानच्या किनाऱ्यास आलें. त्याच्या एका बाजूस शुभवर्तमानकार मार्क याच्यापुढें गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपति, आणि दुसऱ्या बाजूस प्रभु येशूची आकृति असे. आमच्या लोकांनीं त्यावरील मानवाकृति पाहून त्या नाण्यास पुतळी म्हटलें व त्याच्या माळा ओंवल्या. १७९७ सालीं तें प्रजासत्ताक लयास गेलें, पण माळ राहिली; सोनारांनीं पुढें तशाच चकत्यांवर लक्ष्मीची मूर्ति उठविली. ज्या मराठमोळ्या गळ्यांत ती माळ रुळत होती, तिला आपण व्हेनिसच्या संतास वागवीत आहों याची कल्पनाही नव्हती. दागिना धर्माच्या व देशाच्या सीमा किती सहज ओलांडतो, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

मंगळसूत्राचेंही तसेंच. काळ्या मण्यांच्या पोतींत दोन वाट्या असतात. एक माहेरची व एक सासरची असें मानतात. मराठी ख्रिस्ती कुटुंबांत अनेक ठिकाणीं वाट्यांच्या जागीं लहानसा क्रूस असतो, पण काळे मणी तेच. इतर प्रांतांत हीच गोष्ट हातावर लिहिलेली आढळेल. बंगाली सुवासिनीच्या हातांत शंखाचीं पांढरीं व जोडीला लाल कांकणें असतात; पंजाबी नववधूच्या हातांत लाल-पांढरा चूडा असतो; शीख पुरुष व स्त्री दोघेंही धर्माची खूण म्हणून लोखंडी कडें वागवितात. आमच्याकडील बंजारा स्त्रिया दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या भरीत. पूर्वीं त्या हस्तिदंताच्या असत, पुढें प्लॅस्टिकच्या आल्या. पदार्थ बदलला, अर्थ बदलला नाहीं.

आतां मिळकतीचा विचार. बँका गांवोगांव नव्हत्या, स्त्रीच्या नांवें जमीन क्वचित असे. अशा काळीं तिच्या अंगावरचें सोनें हेंच तिचें खातें होतें. पोरांचें शिक्षण, पतीचें आजारपण, दुष्काळाचें वर्ष, यांतील कशांतही पाटली उतरली म्हणजे घर तरे. आमच्या शाळेंतून शिकून गेलेल्या किती मुलांची फी आईच्या पाटल्यांतून आली असेल, याची नोंद कोणत्याच वहींत नाहीं.

म्हणूनच सोन्याच्या शुद्धतेस इतकें महत्त्व आहे. जुना तोळा म्हणजे बारा मासे, मासा म्हणजे आठ गुंजा. अर्थात्‌ तोळ्याच्या शहाण्णव गुंजा होत. हा तोळा सुमारें ११.६६ ग्रामांचा, हल्लीं बाजारांत तोळा म्हणजे दहा ग्राम असें धरतात. शुद्ध सोनें २४ कॅरट. तें फार मऊ, म्हणून त्यांत तांबें व चांदी मिसळतात. २४ भागांत २२ भाग सोनें असलें कीं हजारांत सुमारें ९१६ भाग सोनें येतें. दागिन्यावर ९१६ हा आंकडा असतो तो याचसाठीं. पूर्वीं सराफ काळ्या कसोटीवर रेघ ओढून कस पाही, आणि गिऱ्हाइकानें त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागे. १ एप्रिल २०२३ पासून नियम असा आहे कीं, हॉलमार्कच्या दागिन्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण, शुद्धतेचा आंकडा व सहा अक्षरांकांचा स्वतंत्र क्रमांक असावा. तो क्रमांक मोबाइलवर तपासतां येतो. पालकांनीं दागिना घेतांना ही खूण पाहावी, पावती मागावी, आणि घडणावळ किती व खड्यांचें वजन किती हें वेगळें लिहून घ्यावें. पोकळ दागिन्यांत लाख भरलेली असते. तिचें वजन सोन्याच्या भावानें मोजलें जाऊं नये.

सोन्याचा कण किती मोलाचा, हें पाहावयाचें असेल तर झारेकऱ्यांकडे पाहावें. सराफांच्या गल्ल्यांतील धूळमाती गोळा करून, ती पाण्यांत धुवून व गाळून, हे लोक त्यांतील सोन्याचे बारीक कण वेचतात. श्रीमंताच्या पायाखालीं गेलेलें सोनें गरिबाचे श्रम पुन्हां वर काढतात.

ही मिळकत कोणाची? आपल्या जुन्या शास्त्रकारांनीं तिला स्त्रीधन असें नांव दिलें आहे. आजचा कायदाही तेंच सांगतो. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमाप्रमाणें हिंदु स्त्रीच्या ताब्यांतील मिळकतीची, दागिन्यांसह, ती पूर्ण मालकीण असते. ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचें विसावें कलम सांगतें कीं, विवाहामुळें पतीस पत्नीच्या मिळकतींत हक्क मिळत नाहीं. १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, पत्नीचें स्त्रीधन पतीकडे वा सासरीं ठेवलेलें असलें तरी तें तिचेंच. तें परत न देणें हा विश्वासघाताचा गुन्हा होऊं शकतो. घरच्या अडचणींत आई आपण होऊन पाटली काढून देते, तें तिचें औदार्य. तिच्या हातांतून ती ओढून घेण्याचा हक्क कोणासही नाहीं. तसेंच वरपक्षानें मागून घेतलेलें सोनें ही भेट नव्हे, तो हुंडा होय. आणि १९६१ पासून हुंडा देणें व घेणें दोन्ही गुन्हे आहेत.

आतां आरंभीं सांगितलेल्या तिसऱ्या गोष्टीकडे येतों. आपल्या भाषेंत बांगडी फुटली असें म्हणणें अशुभ मानतात. बांगडी वाढविली असें म्हणतात. मंगळसूत्र तुटलें तरी तें वाढलें. इतकी हळुवार भाषा ज्या वस्तूसाठीं वापरली, तीच वस्तु नवऱ्याच्या मृत्यूच्या दिवशीं त्या स्त्रीच्या हातांवर आपटून फोडण्याची चाल आपण शतकानुशतकें चालविली. दुःखानें आधींच खचलेल्या बाईस तिच्याच मनगटावरील कांचेनें जखमी करावें, आणि त्यास धर्म म्हणावें! पंडिता रमाबाईंनीं १८८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथांत विधवेच्या या हालांचें वर्णन केलें, तें वाचून परदेशींचे लोकही हळहळले. दोन वर्षांनीं त्यांनीं शारदासदन उघडलें.

चाल मात्र पुढेंही राहिली. अखेर कोल्हापूर जिल्ह्यांतील शिरोळ तालुक्यांतल्या हेरवाड या गांवच्या ग्रामपंचायतीनें ४ मे २०२२ रोजीं ठराव केला कीं, पतीच्या निधनानंतर पत्नीच्या बांगड्या फोडणें, कुंकू पुसणें, मंगळसूत्र व जोडवीं काढणें हे प्रकार आपल्या गांवांत बंद करावेत. त्याच महिन्यांत राज्य शासनानें परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनींही हा कित्ता गिरवावा असें आवाहन केलें. हा ठराव कोण्या मोठ्या शहरानें नव्हे, तर एका खेड्यानें केला, हें विशेष. आणि त्याचा अर्थ प्रत्येक विधवेनें बांगड्या घातल्याच पाहिजेत असा नाहीं. घालावयाच्या कीं नाहीं हें तिनें ठरवावें, इतकाच आहे. जी चाल अनादि म्हणून सांगतात, तिच्याबद्दल नथेचा इतिहास आठवावा. माणसांनीं सुरू केलेली गोष्ट माणसांस थांबवितां येते.

आमच्या मुलांसाठीं आणखी एक शब्द. मैदानावर हरलेल्या गड्यास "हातांत बांगड्या भर" असें हिणविणारे कांहीं विद्यार्थी आम्हीं पाहिले आहेत. त्यांनीं इतिहासाचें पुस्तक उघडून पेशवाईंतील सरदारांचीं चित्रें पाहावीं. कानांत भिकबाळी, गळ्यांत मोत्यांचे हार, हातांत कडीं. आणि त्यांच्या शौर्याविषयीं कोणी शंका घेत नाहीं. शिवाय, ज्या हातांतील बांगड्या पहांटे सर्वांच्या आधीं वाजतात, ज्या हातांनीं तुमचा डबा भरून तुम्हांस शाळेंत धाडलें, त्या हातांचें लेणें दुर्बलतेची खूण कसें होईल?

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, सुटींत एक काम करावें. आई, आजी किंवा मावशी यांच्याजवळ बसून त्यांच्या अंगावरील व पेटींतील एकेका दागिन्याचें नांव विचारून घ्यावें, तो कोणीं दिला, केव्हां घडविला, कोणत्या अडचणींत गहाण पडला व कसा सुटून आला, हें वहींत उतरून ठेवावें. त्यांत तुमच्या घराण्याचा जो इतिहास सांपडेल, तो दुसऱ्या कोणत्याही पुस्तकांत मिळणार नाहीं. आणि पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलीस लग्नांत सोनें देण्याची ऐपत असो वा नसो, तिच्या अंगावरचें जें असेल तें तिचें आहे, हें तिला अवश्य शिकवावें, व तितकेंच तें आपल्या मुलांसही शिकवावें.